हाताजोगा रंधा

आषाढाच्या सरी सुरू झाल्या की घरोघरी एक लहानशी तक्रार ऐकू येऊ लागते. दार चौकटीत अडकते. छत्तीसगडमधील भिलाई या पोलादनगरीत, हुडको या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वसाहतीतही हाच अनुभव येतो. उन्हाळ्यात तेथील हवा अत्यंत कोरडी असते. पावसाळ्यात ती दमट होते. लाकूड हवेतील बाष्प शोषून घेते व फुगते. हे फुगणे तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ होतच नाही. ते तंतूंना आडव्या दिशेने होते. म्हणून फळी लांबीने न वाढता रुंदीने वाढते आणि दाराची कड चौकटीवर घासू लागते. मग घरातील कोणीतरी दार बिजागऱ्यांवरून उतरवितो आणि रंधा हाती घेतो.

रंध्याविषयी लिहिताना पाते कसे परजावे, तळ सपाट आहे की नाही हे कसे पाहावे, याची चर्चा पुष्कळ होते. परंतु ज्या हाताने तो चालवावयाचा त्या हाताचे माप कोणी विचारीत नाही. वस्तुतः रंध्याची मूठ हाताला बेतशीर नसेल तर उत्तम पातेही निरुपयोगी ठरते. विशेषतः ज्यांचे हात मोठे आहेत त्यांना हा त्रास फार होतो. तो का होतो व कसा टाळावा, याचा विचार या पुस्तिकेत केला आहे.

भिलाईतील एक उदाहरण

भिलाईचा पोलाद कारखाना भारत व सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या करारानुसार उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर नगर वाढले आणि देशाच्या सर्व भागांतील माणसे तेथे येऊन राहिली. मराठी भाषा या परिसराला मुळीच परकी नव्हती, कारण दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी असलेल्या राज्यातच मोडत होता.

अशा एखाद्या मराठी घरातील सेवानिवृत्त कामगार आपण डोळ्यांपुढे आणू. तीस वर्षे त्याने जड पाने आणि घण हाताळले आहेत. त्याचा पंजा रुंद असून बोटे जाड आहेत. निवृत्तीनंतर घरातील लहानसहान सुतारकाम आपणच करावे, अशी त्याला हौस वाटते. तो बाजारातून एक लोखंडी रंधा आणतो. अर्धा तास काम केल्यावर त्याची करंगळी मुठीच्या बुडाशी चेपून दुखू लागते, अंगठा व तर्जनी यांमधील बेचक्यातील कातडी लाल होते आणि बोटांच्या सांध्यांना पितळी चाक घासते. आठ दिवसांनी तो म्हणतो, ‘हे नाजूक काम आपल्या हाताचे नव्हे,’ आणि रंधा माळ्यावर ठेवून देतो.

त्याचा हा निष्कर्ष चुकीचा आहे. दोष त्याच्या हातात नाही, मुठीच्या मापात आहे. आणि हा दोष थोड्या खटपटीने दूर करता येतो.

रंध्याची रचना

रंधा हे फार जुने हत्यार आहे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन नगराच्या उत्खननात रंधे सापडले आहेत. १५४५ मध्ये बुडालेले मेरी रोझ हे इंग्रज जहाज १९८२ मध्ये समुद्रतळावरून वर काढण्यात आले; त्यावरील सुतारांच्या सामानातही लाकडी रंधे होते. या सर्वांत मूळ कल्पना एकच दिसते. सपाट तळ असलेल्या ठोकळ्यात एक धारदार पाते तिरके बसवावयाचे आणि त्याची धार तळाच्या खाली किंचित डोकावू द्यावयाची. ठोकळा पुढे सरकला की पाते उंचवट्यांवरून पातळ ढलपी काढते.

आज ज्याला आपण लोखंडी रंधा म्हणतो त्याचे रूप मुख्यतः अमेरिकेतील लेनर्ड बेली या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केले. त्याच्या रंध्यांचे हक्क १८६९ मध्ये स्टॅनले कंपनीने घेतले. त्या वेळी रूढ झालेले क्रमांक व आकार पुढे जगभरच्या कारखान्यांनी उचलले. या रंध्याचा तळ बिडाचा असतो. पाते सुमारे ४५ अंशांच्या उतरत्या बैठकीवर बसविलेले असते. बैठकीच्या मागे पाते खालीवर करणारे पितळी चाक असते आणि वरच्या टोकाशी पाते डावी-उजवीकडे कलविणारी लहान तरफ असते. पुढे एक गोल मूठ असते व मागे उभी, वळणदार मूठ असते. आपल्या विषयाच्या दृष्टीने ही मागील मूठ सर्वांत महत्त्वाची होय.

मूठ कशी धरावी

मागील मुठीचे वरचे टोक चोचीसारखे मागे वळलेले असते. अंगठा व तर्जनी यांमधील बेचके या चोचीखाली बसावे, अशी तिची घडण असते. नवशिके लोक बहुधा चारही बोटे मुठीभोवती आवळतात. ही पद्धत बरोबर नाही. मधले बोट, अनामिका व करंगळी ही तीनच बोटे मुठीभोवती यावीत. तर्जनी पुढे, पात्याच्या बैठकीच्या कडेने सरळ रोखलेली असावी. याचे दोन लाभ आहेत. तर्जनीमुळे हाताला दिशेची जाणीव राहते आणि रंधा तिरपा होत नाही. शिवाय मुठीवर एका बोटाची जागा मोकळी होते. मोठ्या हाताच्या माणसाची निम्मी अडचण केवळ एवढ्याने दूर होण्याचा संभव असतो. म्हणून नवा रंधा घेण्यापूर्वी प्रत्येकाने प्रथम हे करून पाहावे.

दुसरी गोष्ट अशी की, रंधा घट्ट आवळून धरण्याचे कारण नाही. हातोडा निसटू नये म्हणून आवळावा लागतो. रंधा ढकलावयाचा असतो. ढकलण्याचा जोर तळहातातून जातो, बोटांचे काम केवळ सांभाळण्याचे असते. परंतु मूठ फार लहान किंवा फार पातळ असेल तर ती हातात फिरू लागते. मग मनुष्य नकळत ती आवळतो आणि लवकर थकतो.

मोठ्या हाताला नेमके काय अडते

अडचणीच्या जागा चार आहेत. पहिली, चोच आणि बूड यांमधील उंची. ती अपुरी असल्यास बेचके वरून व करंगळी खालून चेपली जाते. दुसरी, मूठ व पितळी चाक यांमधील अंतर. ते कमी असल्यास मधल्या बोटाचे सांधे चाकावर घासतात. तिसरी, पात्याचे वरचे टोक व त्याजवळची तरफ. ती अंगठ्याच्या मुळाशी टोचते. चौथी, मुठीची जाडी. जाडी फार कमी असल्यास बोटांची टोके वळून तळहातात रुततात.

या त्रासाकडे दुर्लक्ष करू नये. तळहाताच्या बुडाशी, करंगळीच्या बाजूस, एक मज्जातंतू व एक रक्तवाहिनी त्वचेखाली फार खोल नसतात. तेथे वारंवार टोचणारा दाब पडत राहिला तर करंगळी व अनामिका यांना मुंग्या येऊ लागतात, त्या बधिर होतात. मनगटाच्या मध्यभागातून जाणारा दुसरा मज्जातंतू मनगट दीर्घकाळ वाकलेले राहिल्यास चेपला जातो. त्याची खूण अंगठा व शेजारच्या बोटांत उमटते. कातडीवरचा फोड चार दिवसांत बरा होतो. मज्जातंतूला झालेली इजा इतक्या लवकर भरून येत नाही. बोटे वरचेवर बधिर होत असतील तर काम थांबवून वैद्यकीय सल्ला घेणे इष्ट होय.

सरासरीचा हात कोणाचाही नसतो

कारखान्यात एकाच साच्यातून हजारो मुठी निघतात. त्यांचे माप ठरविताना बहुतेकांना चालेल असे माप धरले जाते. हे वाजवी वाटते. पण त्यात एक मोठी मेख आहे.

अमेरिकेच्या हवाई दलाने १९५० मध्ये ४,०६३ वैमानिकांच्या शरीराची मापे घेतली. विमानातील बैठक ‘सरासरी’ वैमानिकाच्या मापाची करावी, असा तेव्हा प्रघात होता. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापे निवडली आणि या दहाही मापांत सरासरीच्या आसपास असलेले वैमानिक किती, हे मोजले. उत्तर आले शून्य. चार हजारांत एकही मनुष्य सर्व बाबतींत सरासरी नव्हता. कोणाची उंची बेताची, पण हात लांब. कोणाची छाती बेताची, पण पाय आखूड. यावरून असे ठरले की बैठक एका मापाची न करता ती पुढेमागे, खालीवर सरकविता यावी.

हातांचेही असेच आहे. दोन माणसांच्या पंजांची रुंदी सारखी असूनही बोटांची लांबी निराळी असू शकते. भारतीय शरीरांची मापे एकत्र करणारा देवकुमार चक्रवर्ती यांचा ग्रंथ अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. हत्यारे घडविणाऱ्यांस अशा संग्रहाचा मोठा उपयोग होतो. परंतु हत्यार विकत घेणाऱ्यास एकच हात मोजावयाचा असतो, तो स्वतःचा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

आपला हात मोजा

यासाठी एक मोजपट्टी पुरे. उजवा हात (डावखुऱ्यांनी डावा) कागदावर सपाट ठेवावा. पहिले माप, अंगठा सोडून चार बोटांच्या मुळांशी असलेल्या सांध्यांवरून पंजाची रुंदी. प्रौढ पुरुषांत हे माप बहुधा ८ ते ९ सेंटिमीटर असते. ते ९.५ सेंटिमीटर किंवा अधिक भरल्यास हात मोठा समजावा. दुसरे माप, मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हाताची लांबी. तिसरे माप सर्वांत उपयोगी: मधले बोट, अनामिका व करंगळी एकमेकांस चिकटवून त्यांची एकत्रित रुंदी. मुठीवर ही तीन बोटे बसावयाची असल्याने चोचीखालील मोकळी जागा या मापाहून किंचित अधिक असली पाहिजे.

शाळेतील विद्यार्थ्यांनी वर्गातील सर्वांची ही तीन मापे घ्यावीत, प्रत्येक मापाची सरासरी काढावी आणि तिन्ही मापांत सरासरीच्या अगदी जवळ असलेले विद्यार्थी किती निघतात ते पाहावे. डॅनियल्सच्या शोधाचा प्रत्यय वर्गातच येईल.

कामावरून लांबी, हातावरून मूठ

हात मोठा आहे म्हणून मोठा रंधा घ्यावा, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. रंध्याची लांबी कामावरून ठरते. आखूड रंधा पृष्ठभागाच्या चढउतारांतून होडीसारखा खालीवर जातो. तो पृष्ठभाग गुळगुळीत करतो, पण सरळ करीत नाही. लांब रंधा खळग्यांवर पुलासारखा टेकतो आणि केवळ उंचवटे कापतो. त्यामुळे कड सरळ होते.

चौथ्या क्रमांकाचा रंधा सुमारे ९ इंच लांब असून त्याचे पाते २ इंच रुंद असते. अखेरच्या गुळगुळीतपणासाठी तो वापरतात. साडेचार क्रमांकाचा रंधा त्याच कामासाठी असतो. परंतु तो सुमारे १० इंच लांब असून त्याचे पाते २⅜ इंच रुंद असते. कार्यशाळांतून जॅक प्लेन म्हणून ओळखला जाणारा पाचव्या क्रमांकाचा रंधा १४ इंच लांब असतो. साडेपाच क्रमांकाचा त्याहून किंचित लांब व रुंद असतो. सातव्या क्रमांकाची लांबी २२ इंच असते. लांब कडा सरळ करणे हे त्याचे काम.

यावरून मोठ्या हाताच्या माणसाला एक सोयीची वाट दिसेल. काम बदलू नये, पण त्याच कामासाठी असलेल्या रुंद जातीचा रंधा पाहावा. चौथ्याऐवजी साडेचार आणि पाचव्याऐवजी साडेपाच. या रंध्यांचा देह रुंद असतो व काही उत्पादक त्यांना मूठही मोठी बसवितात. मात्र याची किंमत मोजावी लागते. ढलपीची जाडी तीच ठेवली तर रुंद पात्याला जोर अधिक लागतो. २ इंचांच्या जागी २⅜ इंच म्हणजे रुंदीत जवळजवळ पंचमांशाची वाढ. जोरही साधारण त्याच प्रमाणात वाढतो. शिवाय रंधा जड होतो. बलवान मनुष्यास हे जाणवणार नाही, पण मोठा हात असलेला प्रत्येक जण बलवान असतोच असे नाही.

दुकानात रंधा केवळ उचलून पाहू नये. तो फळीवर टेकवावा, तीन बोटांनी धरावा, तर्जनी पुढे रोखावी आणि दहा-बारा वेळा पुढेमागे न्यावा. करंगळी बुडाला चेपते काय? बेचक्यात चोच रुतते काय? सांधे चाकाला लागतात काय? बोटांची टोके तळहातात रुततात काय? या चारही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आले तर मूठ हाताजोगी आहे. बाजारात मिळणाऱ्या लाकडी रंध्यांचीही हीच परीक्षा करावी. त्यांत चाक व तरफ नसल्याने मोठ्या बोटांना जागा अधिक मिळते. मात्र मूठ कडीसारखी बंद असेल तर आतील पोकळीत तीन बोटे सैलपणे जातात की नाही, हे पाहावे. न गेल्यास ती पोकळी कानशीने वाढविता येते. जपानी रंध्याला तर मूठच नसते. सुतार त्याचा ठोकळाच दोन्ही हातांनी धरून तो आपल्याकडे ओढतो, त्यामुळे मुठीच्या मापाचा प्रश्न तेथे उद्भवत नाही.

मूठ बदलता येते

लोखंडी रंध्याचा बिडाचा देह बदलता येत नाही. परंतु लाकडी मूठ एका लांब स्क्रूने बसविलेली असते आणि ती काढून दुसरी बसविता येते. आपल्या सेवानिवृत्त कामगाराचा खरा मार्ग हाच होय. या बाबतीत कारखान्यातील ओतकाम त्याला चांगला धडा देऊ शकेल. ओतकामासाठी लाकडी नमुना करताना तो हव्या त्या वस्तूएवढाच करीत नाहीत. बीड थंड होताना सुमारे एक टक्का आणि पोलाद सुमारे दोन टक्के आक्रसते, म्हणून नमुना तेवढा मोठा ठेवतात. धातूचा स्वभाव ओळखून लाकडाला माप द्यावयाचे, हा तेथील नियम. मुठीच्या बाबतीत धातूच्या जागी हात आला, इतकाच फरक.

जुनी मूठ काढून तिची आकृती जाड कागदावर काढावी. चोचीखालील पोकळी आपल्या तीन बोटांच्या मापाप्रमाणे वाढवावी. मूठ उगाच उंच करू नये. जोर तळापासून जितका उंच लागेल तितका रंध्याचे नाक खाली दबण्याचा कल वाढतो. त्यामुळे शक्य तेथे उंची वाढविण्यापेक्षा चोच अधिक गोलसर व मागे वळलेली करून जागा मिळवावी. सांधे चाकाला लागत असतील तर मुठीची पुढील बाजू थोडी तासून मागील बाजूस तेवढी जाडी द्यावी.

शिसव, बाभूळ किंवा चांगला जुना साग मुठीला योग्य. तंतू तळाला समांतर, म्हणजे मागून पुढे जाणारे असावेत. अन्यथा चोच लवकर तुटते. स्क्रूचे भोक मूठ कोरण्यापूर्वीच, लाकूड चौकोनी असतानाच पाडावे, कारण वळणदार तुकडा शिकंजात नीट धरता येत नाही. मूठ उंच झाली व स्क्रू पुरेनासा झाला तर वरील पितळी नट बसण्याचा खळगा अधिक खोल करावा. या स्क्रूचे आटे बाजारातील साध्या स्क्रूशी जुळतीलच असे नाही. अखेरीस सर्व कडा गोल करून काचकागदाने घासाव्यात व जवसाचे तेल पातळसर चोळावे. तेलाने भिजलेली चिंधी चुरगाळून टाकू नये. ती आपोआप तापून पेटण्याचा धोका असतो. ती पसरून वाळवावी.

मनगट आणि बाक

मूठ कितीही चांगली असली तरी मनगट वाकलेले राहिल्यास हात दुखणारच. याची प्रचीती एका सोप्या प्रयोगाने घेता येते. मनगट सरळ ठेवून भिजलेला स्पंज पिळावा व निघालेले पाणी मोजावे. पुन्हा तो तितकाच भिजवून मनगट आतील बाजूस पूर्ण वाकवून पिळावा. दुसऱ्या वेळी पाणी कमी निघेल, कारण मनगट वाकले की बोटांची शक्ती घटते.

मोठा हात बहुधा उंच देहाचा असतो. उंच माणसाला ठेंगण्या बाकावर काम करावे लागले तर त्याची पाठ व मनगट दोन्ही वाकतात. उभे राहून हात सैल सोडल्यावर तळहात आडवा जेथे टेकेल तेवढी बाकाची उंची रंध्याच्या कामाला साधारणपणे योग्य समजतात. आपल्याकडील अनेक सुतार जमिनीवर बसून काम करतात. त्यांच्या हाताचा कोन निराळा असतो, म्हणून त्यांनी मुठीची परीक्षा दुकानात उभ्याने न करता बसूनच करावी.

लहान हाताच्या माणसांना, विशेषतः कार्यशाळेत शिकणाऱ्या मुलामुलींना, याच्या नेमकी उलट अडचण येते. परंतु उपाय तोच आहे. शिक्षकांनी एखादा विद्यार्थी ‘हाताने जड’ आहे असे ठरविण्यापूर्वी त्याच्या हातातील मूठ त्याच्या मापाची आहे काय, हे एकदा पाहावे.

आता पुन्हा त्या पावसाळ्यातील दाराकडे वळू. रंधा हाताजोगा झाला म्हणजे ढलपी पातळ, सलग व सुरळीत निघू लागते. तेव्हा हात आवरता घेण्याचेही भान हवे, कारण पावसाळ्यात फुगलेली कड अधिक कापली गेली तर उन्हाळ्यात लाकूड आक्रसल्यावर तेथे फट पडेल. दाराला चौकटीचे माप द्यावयाचे ते ऋतू ओळखून, आणि रंध्याला मूठ द्यावयाची ती हात ओळखून. माळ्यावर ठेवलेला रंधा खाली काढण्यास एवढे ज्ञान पुरेसे आहे.